मराठीला साष्टीतला एक खून हवा आहे

१९५६ साली नागपुरातून ‘सिद्धम्’ नावाचा एक ग्रंथ निघाला. चीन आणि जपानमध्ये संस्कृतचा अभ्यास कसकसा होत गेला याचा तो इतिहास, आणि प्रकाशक होती डॉ. रघुवीर यांची संस्था. लेखक रॉबर्ट व्हॅन गुलिक हे डच मुत्सद्दी. तरुणपणी त्यांनी कालिदासाचे ‘विक्रमोर्वशीय’ डच भाषेत नेले होते, हयग्रीवाच्या उपासनेवर प्रबंध लिहिला होता, आणि १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला ते दिल्लीच्या वकिलातीत नोकरीलाही होते. त्याच १९५६ साली त्यांची आणखी दोन पुस्तके बाहेर पडली. एक होते १२११ सालच्या चिनी न्यायग्रंथाचे भाषांतर. जुन्या न्यायाधीशांनी गुन्हे कसे उकलले त्याचे दाखले त्यात जोडीजोडीने दिलेले आहेत. दुसरी होती ‘द चायनीज मेझ मर्डर्स’ या कादंबरीची इंग्रजी आवृत्ती. नायक न्यायाधीश डी, काळ सातव्या शतकातल्या तांग सम्राटांचा. एकाच टेबलावर एवढी विद्वत्ता आणि एवढी रहस्यकथा एकत्र नांदत होती, हे आपल्याकडच्या साहित्यव्यवहाराला जरा अवघड जाते. आपण विद्वानाला शाल देतो, रहस्यकथाकाराला वाचनालयाचे फाटके पुठ्ठे देतो, आणि दोघे शेजारी बसणार नाहीत याची काळजी घेतो.

न्यायाधीश डी हा माणूस खरा. डी रेन्जिए हे त्याचे नाव, जन्म ६३०, मृत्यू ७००, सम्राज्ञी वू झेतियानच्या दरबारातला मोठा मंत्री. त्याच्या नावावर अठराव्या शतकात कुणा अनाम चिनी लेखकाने एक रहस्यकादंबरी लिहिली होती. व्हॅन गुलिकना ती सापडली आणि १९४९मध्ये तोक्योत त्यांनी तिचे इंग्रजी भाषांतर छापले. पुढची पायरी महत्त्वाची आहे. चिनी आणि जपानी वाचक पाश्चात्त्य थरारकथांची सुमार भाषांतरे चवीने वाचत होते, आणि घरात शतकानुशतके चालत आलेली न्यायकथांची परंपरा धूळ खात पडली होती. व्हॅन गुलिकना ही गोष्ट खटकली. या परंपरेतून आजच्या वाचकाला रुचेल अशी कादंबरी निघू शकते, हे दाखवून देण्यासाठी त्यांनी स्वतः लेखणी उचलली. ‘मेझ मर्डर्स’ आधी जपानीत आली, १९५१मध्ये. १९६७मध्ये मृत्यू येईपर्यंत ते डीच्या कथा लिहीत राहिले. शेवटची कादंबरी त्यांच्यामागे प्रसिद्ध झाली.

व्हॅन गुलिकना चीनमध्ये जे दिसले तेच मराठीत दिसते. ऐतिहासिक कादंबरी आपल्याकडे गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून, म्हणजे १८७१पासून आहे. हरिभाऊ, नाथमाधव, ना. सं. इनामदार, रणजित देसाई, विश्वास पाटील ही नावे घरोघर पोचली आहेत. रहस्यकथाही कमी नाही. गो. ना. दातारांनी रेनॉल्ड्सच्या धर्तीवर आणलेली भुयारे, बाबुराव अर्नाळकरांची हजाराहून अधिक पुस्तके, त्यांतले झुंजार आणि काळा पहाड, अनंत अंतरकरांच्या ‘नवल’सारखे अंक, मग गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर. दोन्ही नद्या भरून वाहिल्या, पण संगम झाला नाही. जुन्या काळातला गुन्हा, जुन्या काळातला तपास आणि जुन्या काळाच्याच पुराव्याने झालेली उकल, असे ठसठशीत मराठी पुस्तक पटकन डोळ्यासमोर येत नाही. बंगालीत ब्योमकेश बक्षीचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय इतिहासकथाही तितक्याच ताकदीने लिहीत. शिवकालातल्या सदाशिव नावाच्या पोराच्या कथा त्यांच्याच. हे गृहस्थ १९३८ साली मालाडच्या बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहायला मुंबईत आले, १९५२मध्ये पुण्याला गेले आणि अखेरपर्यंत मराठी मुलखातच राहिले. म्हणजे ही दोन्ही अंगे असलेला लेखक आपल्या उपनगरात कामाला येत होता. त्यांनीही हे दोन कप्पे बहुतांशी वेगळे ठेवले, पण निदान दोन्ही कप्पे एकाच कपाटात होते.

हा संगम झाला नाही म्हणून काय बिघडले, असे कुणी विचारेल. माझ्या मते बरेच बिघडले, आणि त्याचा सर्वांत मोठा पुरावा रामशास्त्री प्रभुणे यांच्याविषयीची आपली आठवण हा आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला. मुख्य न्यायाधीश रामशास्त्र्यांनी चौकशी केली आणि खुद्द राघोबादादाला दोषी ठरवले. हा प्रसंग शाळेच्या पुस्तकात आहे, १९४४च्या प्रभातच्या चित्रपटात आहे, भाषणांत आहे. पण सगळीकडे उरतो तो एकच क्षण: करारी शास्त्री, समोर खजील सत्ताधीश आणि देहान्त प्रायश्चित्ताचा निवाडा. त्याआधी शास्त्र्यांनी कुणाला गाठून काय विचारले, गारद्यांच्या जबान्या एकमेकींशी कुठे जुळल्या नि कुठे फाटल्या, वाड्यातल्या कोणत्या नोकराने तोंड उघडले, हे आपल्याला ठाऊक नसते, आणि ठाऊक नाही याचे काही वाटतही नाही. आपल्याला निकाल पाठ असतो. तपासाशी आपले देणेघेणे नसते. ‘ध’चा ‘मा’ केल्याची कथा तर दस्तऐवजातल्या खाडाखोडीची, म्हणजे अस्सल रहस्यकथेतली. इतिहाससंशोधक तिच्याकडे संशयाने पाहतात, आपण मात्र तिला म्हण करून टाकली. तो कागद कुणी पाहिला, शाई एकच होती का, वळण कुणाचे होते, हे प्रश्न न विचारता आनंदीबाईला शिक्षा सुनावून आपण मोकळे झालो.

गुप्तहेरकथेची शिस्त नेमकी याच्या उलट असते. तिथे निवाडा शेवटी येतो, आणि तोपर्यंत वाचकाला प्रत्येक साक्षीदाराकडे ‘हे याला कसे कळले?’ म्हणून बघावेच लागते. इतिहासाकडे असे बघण्याची सवय आज आपल्याला फार कमी आहे. फोनवर फिरणारा मजकूर तर बखरीचाही मुलाहिजा ठेवत नाही. हे काम इतिहासाच्या प्राध्यापकांनी करावे, ते करतातही, पण त्यांचे पुस्तक किती घरांत जाते? ‘स्वामी’ आणि ‘पानिपत’ ज्या घरांत गेले त्या घरांत जाईल असे पुस्तक हवे. सिंहासन, रणांगण आणि अंतःपुर या तीन खोल्यांतून आपली ऐतिहासिक कादंबरी सहसा बाहेर पडत नाही. खुनाचा तपास करणाऱ्याला मात्र नाव वल्हवणाऱ्याकडे, ताडी काढणाऱ्याकडे, मिठागरातल्या मजुराकडे, विधवेकडे, सराफाकडे जावेच लागते. अगाथा ख्रिस्तीने १९४४मध्ये प्राचीन इजिप्तवर रहस्यकादंबरी लिहिली तेव्हा तिने फॅरो घेतला नाही. हेकानाख्त नावाच्या कुटुंबप्रमुखाची घरच्यांना लिहिलेली जुनी पत्रे उत्खननात सापडली होती. धान्य किती, कुणाला किती, नव्या बाईशी नीट वागा, असल्या कुरबुरी त्यांत आहेत. तेवढ्यातून तिने एक घर उभे केले आणि त्यात माणसे मारली.

मराठीत अशा कादंबरीसाठी जागा कोणती? पुणे सहज सुचेल, घाशीराम कोतवालही सुचेल, पण तिथे इतके लेखन झाले आहे की नव्या लेखकाला पाय ठेवायला जागा नाही. माझे मत साष्टीला आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ज्या बेटावर आहेत ते साष्टी. दक्षिणेला माहीमची खाडी, उत्तरेला वसईची, पूर्वेला ठाण्याची. १५३४च्या तहापासून ते पोर्तुगीजांकडे होते. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे घेतले, १७३९मध्ये वेसावे (आजचे वर्सोवा) आणि मग वसई पडली, आणि १७७४च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेईपर्यंत या उपनगरांवर पेशव्यांचा अंमल होता. १७८२च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांचा ताबा पक्का झाला. वसईच्या मोहिमेवर आपण भरपूर लिहिले, चिमाजीअप्पांच्या हत्तीवरल्या घंटा अजून मोजतो. पण मोहिमेनंतर इथे पस्तीसेक वर्षे जे रोजचे जगणे चालले, त्याबद्दल आपली कादंबरी गप्प आहे. मेट्रोने वर्सोव्याहून घाटकोपरला जाणारा माणूस ती सगळी साष्टी वीसेक मिनिटांत आडवी कापून जातो, आणि खाली एकेकाळी पेशव्यांचा कमाविसदार, म्हणजे महसूल आणि न्याय पाहणारा अधिकारी, होता याचा त्याला पत्ता नसतो.

रहस्यकादंबरीकाराला याहून सोयीचा मुलूख मिळणे कठीण. एक राज्य नुकतेच गेले आहे, दुसरे नुकतेच आले आहे. पोर्तुगीज जमीनदार निघून गेल्यावर जमिनी कुणाच्या, हा प्रश्न प्रत्येक गावात उघडा पडलेला. जुने कागद पोर्तुगीज भाषेत, नवे मोडीत, आणि दोन्ही वाचू शकणारा माणूस बहुधा विकला जाण्याजोगा. कोळी, आगरी, भंडारी, कुणबी, पाचकळशी, डोंगरातले वारली आणि या सगळ्यांतूनच कधीकाळी झालेले ख्रिस्ती. बोरिवलीजवळ मंडपेश्वराच्या लेण्याच्या माथ्यावर पोर्तुगीजांचा मठ, लेण्यातच केलेले प्रार्थनाघर. मरोळला सोळाव्या शतकातले संत जॉनचे चर्च, ज्याचे पडके अवशेष आज सीप्झच्या कुंपणात उभे आहेत. या साऱ्याच्या दक्षिणेला, माहीमची खाडी ओलांडली की इंग्रजांची मुंबई. पूल नव्हताच, शीवचा बांध १८०५चा, माहीमचा १८४५चा. नावेत बसून पलीकडे गेलेला आरोपी दुसऱ्या राज्याच्या, दुसऱ्या कायद्याच्या आश्रयाला जात होता. खाडीच्या मध्यावर तरंगणारे प्रेत कुणाच्या हद्दीतले, या एका प्रश्नावर शंभर पाने सहज निघतील.

आता आक्षेपांकडे. पहिला आणि सर्वांत वजनदार असा की शास्त्रशुद्ध तपास ही आधुनिक, पाश्चात्त्य गोष्ट आहे. पेशवाईत दिव्य होते, जातपंचायत होती, फटके होते, तिथे शोधक बुद्धीचा नायक बसवणे म्हणजे धोतरावर कोट. चीनविषयीही असेच म्हटले जाई. पण सोंग त्स या न्यायाधिकाऱ्याने १२४७ साली प्रेततपासणीवर लिहिलेला ग्रंथ उपलब्ध आहे, आणि त्यातली एक गोष्ट आजही न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत सांगतात. विळ्याने खून झाला, गावातले सगळे विळे उन्हात मांडायला लावले, आणि नेमक्या एकाच विळ्यावर माश्या घोंगावू लागल्या. मराठी मुलखातही वादी-प्रतिवादींचे करीने लिहून घेत, दोघांकडून राजीनामे आणि जामीन घेत, साक्षी नोंदून महजर होई, निवाडपत्र होई, जिंकणाऱ्याकडून हरकी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी वसूल होई. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरच्या आपल्या ग्रंथात हा सगळा व्यवहार कागदांनिशी मांडला आहे. हे कागद बहुतेक वतनाच्या भांडणांचे हे खरे, पण वतनाच्या भांडणात बनावट कागद पकडणे हाच मुख्य उद्योग असे. चोरीच्या बाबतीत गावचा जागल्या पावलांचा माग काढी. माग शिवेपलीकडे गेला की जबाबदारी पुढच्या गावाची, त्यांनी तो पुढे न्यायचा किंवा भरपाई द्यायची. एल्फिन्स्टनने पेशवाई बुडाल्यावर लिहिलेल्या अहवालात या पद्धतीचे वर्णन आहे. साष्टीत यात भरती-ओहोटीची भर घाला. सहा तासांनी चिखलातला पुरावा धुऊन जातो, आणि हे जागल्यापेक्षा कोळणीला जास्त चांगले कळते.

राहिले दिव्य. पुरावा खुंटला, दोन्ही पक्ष हट्टाला पेटले, की उकळत्या तेला-तुपातून धातूचा तुकडा काढायचा, हात पिशवीत बांधून मोहर लावायची आणि काही दिवसांनी उघडून बघायचे. आधुनिक वाचकाला हे रानटी वाटेल, वाटायलाही हवे. पण कादंबरीकारासाठी यासारखी घड्याळाची टिकटिक नाही. दिव्याची तिथी ठरली आहे, निर्दोष बाईने हात घालायचा आहे, आणि ज्या कमाविसदाराला खरे काय ते उमगत चालले आहे त्याच्याकडे सभेपुढे ठेवण्याजोगा कागद नाही. न्यायाधीश डीच्या चिनी कचेरीतही आरोपीने कबुली दिल्याशिवाय शिक्षा देता येत नसे, आणि कबुलीसाठी छळ कायदेशीर होता. व्हॅन गुलिकनी हे झाकले नाही. छळ करायचा तर अंदाज चुकल्यास आपल्यालाच भोगावे लागेल, ही टांगती तलवार त्यांनी डीच्या डोक्यावर ठेवली. त्याच्या प्रत्येक निर्णयाला ताण येतो तो यातूनच.

दुसरा आक्षेप जातीचा, आणि इथे मला फार ठासून बोलता येत नाही. पेशवाईतला कमाविसदार बहुधा ब्राह्मण असणार. त्याला चतुर, न्यायी, दयाळू नायक केले की पेशवाईवर मऊ प्रकाश पडणार. शिक्षा जातीप्रमाणे बदलत. ज्या गुन्ह्याला इतरांचे हातपाय तुटत त्यालाच ब्राह्मणाला कैद किंवा हद्दपारी. हे सौम्य करून लिहिलेली कादंबरी न लिहिलेली बरी. डीच्या कथांतही हा दोष आहे. डी कट्टर कन्फ्यूशियन आहे, बौद्ध भिक्षूंवर नि ताओपंथीयांवर त्याचा राग आहे, परकीयांविषयी तो तुच्छतेने बोलतो, आणि व्हॅन गुलिक कधी त्याच्यापासून अंतर राखतात तर कधी त्याच्याच सुरात सूर मिळवतात. स्वतः काढलेल्या चित्रांत तर विवस्त्र बायकांची त्यांना जरा अधिकच हौस. पण तपासाचा साचा इथे एक सोय करून देतो: सत्य आणि निवाडा यांची फारकत करता येते. खुनी कोण हे वाचकाला कळले आहे, कमाविसदाराला कळले आहे, आणि तरी वेसाव्याच्या भंडाऱ्याला एक शिक्षा नि ठाण्याच्या कारकुनाला दुसरी. घाशीरामाच्या प्रकरणात १७९१ साली पुणे चवताळून उठले ते कोठडीत गुदमरून मेलेले लोक ब्राह्मण होते म्हणून. त्याआधी त्याच कोतवालीत मेलेल्या इतरांसाठी शहर उठले नव्हते. हे तेंडुलकरांनी १९७२मध्ये नाटकाच्या अंगाने दाखवले. रहस्यकादंबरीला ते तपशिलाच्या अंगाने दाखवता येईल. शिवाय शोध घेणारा कमाविसदारच असायला हवा असे कुठे आहे? त्याची खुर्ची ठेवावी आणि डोके पाचकळशी कारकुनाला किंवा मरोळच्या ख्रिस्ती दुभाष्याला द्यावे.

भावना दुखावतील, हा तिसरा आक्षेप आजकाल कुठल्याही विषयाला चिकटवता येतो. इथे तो फारसा लागू नाही. डी खरा असला तरी त्याची प्रकरणे रचलेली किंवा जुन्या चिनी कथांतून उचललेली आहेत, तो ज्या गावांत न्याय देतो त्यांतली बहुतेक कल्पित आहेत, आणि सम्राज्ञी दूर राजधानीत आहे. कल्पित कमाविसदार, कल्पित खून आणि खरे गाव एवढे पथ्य पाळले तर कुणाच्या पूर्वजाचा पुतळा हलत नाही.

चौथा आक्षेप काटेकोर लोकांचा: इतके तपशील आणायचे कुठून, आणि चुकले तर? व्हॅन गुलिकनी तांग काळाच्या कथांत पोशाख, घरे आणि चालीरीती मिंग काळातल्या, म्हणजे कित्येक शतकांनंतरच्या वापरल्या, कारण जुने चिनी कथाकारही तसेच करत. ही गोष्ट त्यांनी पुस्तकाच्या शेवटी टिपणात उघड सांगून टाकली. आपल्याला तेवढी सवलत घ्यायचीही गरज नाही. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दप्तरातून निवडून छापलेले पंचेचाळीस खंड आहेत, गणेश चिमणाजी वाडांनी संपादित केलेल्या पेशव्यांच्या रोजनिश्या आहेत, राजवाड्यांची साधने आहेत, साष्टीतल्या गावांच्या जुन्या नावांसाठी त्यांनीच १९२४मध्ये संपादिलेली ‘महिकावतीची बखर’ आहे. हे सारे छापील, देवनागरीत, बऱ्याच मोठ्या ग्रंथालयांत मिळते. इंग्रजीत मात्र लेखक कामाला लागले आहेत. सुजाता मॅसी यांनी १९२१च्या मुंबईतली पारशी वकील परवीन मिस्त्री उभी केली, वसीम खान यांनी १९५०मधली, नेव्ह मार्च यांनी १८९२मधली मुंबई घेतली. तिघेही परदेशात राहून लिहितात. पण त्यांची मुंबई इंग्रजांच्या अमलातली किंवा त्यानंतरची आहे. मोडी कागदांच्या मागे जाणे त्यांच्या भाषेला सोपे नाही, आणि मराठी लेखकाची खरी आघाडी तिथेच आहे.

शेवटची अडचण बोलीची. निवेदन आजच्या मराठीत असावे, कागदपत्रे त्या काळच्या वळणाची, एवढे कुणीही ठरवील. पण माणसे बोलणार कशी? सगळ्यांच्या तोंडी पुण्याची भाषा घातली की कादंबरी पहिल्याच पानावर मेली. वेसाव्याचे कोळी, गोराई-उत्तनचे ख्रिस्ती, मरोळच्या गावठाणातले ईस्ट इंडियन लोक आजही आपापल्या बोलीत घरात बोलतात. त्या अडीचशे वर्षांपूर्वीच्या बोली नव्हेत, पण पुण्यापेक्षा त्या काळाच्या कितीतरी जवळच्या आहेत. लेखकाने हस्तलिखित प्रकाशकाकडे पाठवण्याआधी एखाद्या गावठाणात नेऊन मोठ्याने वाचून दाखवावे. ज्यांच्या पूर्वजांच्या तोंडी ती वाक्ये घातली आहेत ते खोड काढतील, आणि ती खोड काढताना जमिनीचा एखादा जुना तंटाही सांगतील.